आजोबांचं नेव्हीतलं मेडल खरंच शौर्याचं आहे का, हे कसं शोधायचं

आमच्याकडे ट्रंकेत आईच्या वडलांची तीन मेडलं होती आणि लहानपणापासून ऐकत आलोय की आजोबांनी जपान्यांची बोट बुडवली म्हणून गोऱ्या साहेबानं बक्षीस दिलं. कोकणातून तेव्हा बरीच पोरं रॉयल इंडियन नेव्हीत जायची, त्यामुळे रत्नागिरीकडे अशी कथा एकेका वाडीत सापडेल. तर ही कथा तपासायची कशी ते सांगतो, मी ठेचा खाऊन शिकलोय.

पहिली गोष्ट, घासू नका!! आमच्या मामीनं एक मेडल चिंच लावून तांब्यासारखं लख्ख केलं आणि कडेवरची अर्धी अक्षरं गेली. सगळी गंमत त्या कडेवरच असते. मेडल आडवं धरा, खिडकीतून तिरपा उजेड पाडा, मोबाईलनं झूम करून फोटो काढा, मग सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव दिसतं. स्टार म्हणजे चांदणीच्या आकाराचं मेडल असेल तर मागच्या बाजूला बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लोकांना स्टार कोरेच दिले, पण भारतात दिलेल्यांवर नाव घातलं, हे आपलं नशीब. यातला नंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण नावाचं स्पेलिंग त्या काळच्या क्लार्कनं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, नंबरात एवढा गोंधळ होत नाही.

मग ते मेडल आहे कसलं ते बघायचं, आणि इथंच बहुतेकांचा फुगा फुटतो. १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल ही सगळी युद्धात नोकरी केल्याची, शौर्याची नाहीत. १९७१ वाल्यांकडे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल असतात, तीही तशीच. शौर्याची म्हणजे तेव्हाचं डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल किंवा इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, आणि स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. नौसेना मेडलही असतं पण ते शौर्यासाठीही देतात आणि चांगल्या कामासाठीही, म्हणून नुसतं मेडल बघून ठरवू नका. पट्टीवर एका रांगेत लावलेली असतील तर मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे समोरून बघताना तुमच्या डावीकडे पहिलं. रिबनचा रंगही बघा, महावीर चक्राची अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी. अर्थात जुनी फीत उडालेली असते नाहीतर कुणीतरी दुसरीच शिवलेली असते, तेव्हा फितीवर पूर्ण भरवसा नको.

आमची तिन्ही निघाली नोकरीचीच. आईला सांगायला मला आठ दिवस लागले.

शौर्याचं असेल तर मात्र सायटेशन मिळवा, म्हणजे कशासाठी दिलं तो मजकूर. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांसाठी संरक्षण मंत्रालयाचं गॅलंट्री अवॉर्ड्स पोर्टल आहे, आधीच्यांसाठी लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन फुकट चाळता येतं. नेव्हीच्या खलाशांचं सर्व्हिस रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं, वारसदार म्हणून अर्ज करायचा, नंबर आणि नात्याचा पुरावा जोडायचा. अर्ज लिहायला जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ही कामं ते रोज करतात.

आता सायटेशन वाचायचं कसं, यासाठी लीडिंग सीमन (खलाशांमधला एक हुद्दा) चिमण सिंग यांचं घ्या. हरियाणातल्या रेवाडीकडचे, १९७१ चं महावीर चक्र, तेही अधिकारी नसताना. मजकूर सांगतो की ८ ते ११ डिसेंबर मोंगला-खुलना भागात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, त्यांची बोट लढत होती, खुलनाजवळ विमानहल्ल्यात बोट बुडाली, किनाऱ्यावरून गोळीबार सुरू, हे स्वतः छर्रे लागून जखमी, तरी दोघांना पाण्यातून ओढत किनाऱ्याला आणलं आणि मग त्या दोघांना निसटता यावं म्हणून उघड्यावर शत्रूवर धावून गेले आणि पकडले गेले. बांगलादेश सुटल्यावर सापडले, मग हॉस्पिटल. बोट बुडवली वगैरे काही नाही, दोन माणसं वाचवली, एवढंच.

पण विमान कुणाचं हे सायटेशन वाचून कळतच नाही. १० डिसेंबरला त्याच खुलनाजवळ पद्मा आणि पलाश या मुक्तिवाहिनीच्या (बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या) बोटी आपल्याच विमानांनी चुकून बुडवल्या होत्या, सोबत आपली पनवेल नावाची बोट होती (हो, आपल्या पनवेलचंच नाव). पलाशवरचे रुहुल अमीन त्याच दिवशी गेले, बांगलादेशनं त्यांना बीरश्रेष्ठ दिलं, तो तिथला शौर्याचा सर्वोच्च सन्मान. म्हणून त्याच तारखेचे, त्याच जागेचे दुसऱ्या बाजूचे कागदही वाचा, एका कागदात न लिहिलेलं दुसऱ्यात सापडतं.

फोटोवर, चित्रावर तर अजिबात विश्वास नको. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या जटलंडच्या समुद्री लढाईत ब्रिटिशांच्या चेस्टर बोटीवर जॅक कॉर्नवेल नावाचा सोळा वर्षांचा पोरगा होता, तोफेची साईट, म्हणजे नेम, लावायचं काम, आजूबाजूचे सगळे मेलेले किंवा जखमी, स्वतःला जीवघेणं लागलेलं आणि तरी तोफेपाशी हुकमाची वाट बघत उभा. २ जूनला गेला, सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला, नोव्हेंबरमध्ये राजाच्या हातून आईनं घेतला. त्याचं जे प्रसिद्ध चित्र आहे ना, त्यासाठी उभा राहिलेला त्याचा भाऊ! आणि एकट्यानं तोफ डागली वगैरे जे लोक सांगतात ते सायटेशनमध्ये कुठंच नाही. तो उभा राहिला, एवढंच लिहिलंय. मला तरी तेवढंच जास्त भारी वाटतं.

सगळं मिळालं की मेडलासोबत कागदाची झेरॉक्स आणि घरात कोण काय सांगायचं ते वेगळ्या पानावर, तारीख घालून ठेवा, दोन्हींची सरमिसळ करू नका. मेडल प्लास्टिकच्या पिशवीत नको, कोरड्या सुती कापडात. आमच्या मामीचं काय करायचं ते मात्र अजून ठरलं नाही, परवा परत चिंच भिजवून बसली होती.