जुन्या लाकडी घरात नवे वासे बसवताना मापे कशी जुळवावीत

अमेरिकेतील लाकूडवखारीत ‘टू बाय फोर’ मागितला, की हाती येणारा वासा १.५ × ३.५ इंचांचा असतो. ओले लाकूड वाळताना आक्रसते आणि रंधा मारताना आणखी झिजते. नाव तेवढे मूळ मापाचे राहिले. फार जुन्या घरांत मात्र पुरे २ × ४ इंचांचे खरबरीत वासे सापडतात, तर विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या घरांत बहुधा १ ५/८ × ३ ५/८ इंचांचे.

म्हणून घराच्या वयावरून अंदाज न बांधता आधी मोजावे. घर १९७८ पूर्वीचे असेल, तर भिंत फोडण्याआधी रंगात शिसे आहे का, हे तपासून घ्यावे. नंतर प्रत्येक उघड्या वाशाची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजावी, कारण खरबरीत लाकडात एकाच भिंतीतले दोन वासेसुद्धा पाव इंचाने वेगळे निघतात.

मग भिंतीची कोणती बाजू एका रेषेत हवी, हे ठरवावे. जुन्या वाशांवरून दोरी ताणून नवा वासा त्या बाजूने दोरीला भिडवावा. मागे उरलेली अर्ध्या इंचाची उणीव पट्टी ठोकून भरता येते. माझ्या मते मात्र ५.५ इंच रुंदीचा वासा उभा चिरून ४ इंचांचा करणे अधिक भरवशाचे, कारण स्क्रू सलग लाकडात बसतो. जाडी अर्ध्या इंचाने कमीच राहील, पण तिने भिंतीची पातळी बिघडत नाही.

खोलीची लाकडी जमीन पेलणाऱ्या तुळयांबाबत अधिक काळजी घ्यावी. पुऱ्या ८ इंचांच्या जुन्या तुळईला आजची ७.२५ इंचांची जोड देताना वरच्या कडा जुळवाव्यात आणि टेकूपाशी राहणारी पाऊण इंचाची फट टणक लाकडाच्या किंवा पोलादाच्या पट्टीने घट्ट भरावी. ती पोकळ ठेवली, तर भार जोडतुळईवर न येता खिळ्यांवर येतो. तुळईचे टोक धरणाऱ्या, दीड इंच जाडीसाठी बनलेल्या लोखंडी खोबणीत जुनी तुळई तासून बसवू नये. खरबरीत लाकडाच्या मापाची खोबण मिळते, तीच घ्यावी. भार वाहणाऱ्या तुळया बदलायच्या असल्यास अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

दाराची तयार चौकट शेवटी घ्यावी. ती ४ ९/१६ इंच रुंद असते, म्हणजे ३.५ इंचांचा वासा, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जिप्सम बोर्ड आणि किंचित मोकळीक. लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेली जुनी भिंत याहून जाड असते. तिची पूर्ण जाडी मोजून, जितकी कमतरता असेल तितक्या रुंदीची पट्टी चौकटीच्या कडेला जोडावी.