समाजशास्त्राच्या तीन वर्षांची तयारी : आधी हंगाम बघा, मग पेपर

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली की दर वर्षी एकच प्रश्न येतो. "मॅडम, समाजशास्त्र घेतलंय, कुठली पुस्तकं आणू?" विचारणारी मुलगी जत, तासगाव नाहीतर पलूसकडून एसटीनं सांगलीला आलेली असते, बरोबर वडील किंवा दादा असतो. पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी मी तिला विचारते, "तुमच्या गावात दिवाळीनंतर कोण येतं आणि कोण जातं?" ती जरा गोंधळते. पण बी.ए.च्या तीन वर्षांची आखणी माझ्या मते याच उत्तरापासून सुरू करायला हवी. पेपर विद्यापीठ ठरवून देतं. आपल्या हातात असतो तो क्षेत्रप्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष माणसांत जाऊन करायचा अभ्यास, आणि तो ज्या माणसांवर करायचा ती बारा महिने एका जागी नसतात.

हे मी शिकले ते नुकसान करून घेऊन. तिसऱ्या वर्षाला असताना ऊसतोड करणाऱ्या बायकांवर प्रकल्प घेतला होता. विषय डिसेंबरात ठरला, प्रश्नावली जानेवारीत झाली, मग तिची भाषा सुधारण्यात आणि अंतर्गत परीक्षांत फेब्रुवारी-मार्च गेले. एप्रिल संपता संपता वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या तळावर पोचले, तर गाळप बंद होऊन बरेच दिवस झालेले. कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, मोडून नेलेल्या. जमिनीवर राखेचे काळे गोल आणि बैलांचे खुंटे उपटल्याची भोकं तेवढी शिल्लक होती. शेवटी मजुरांच्या टोळ्या आणणारे दोन मुकादम आणि कारखान्याचा, उसाच्या स्लिपा देणारा एक स्लिपबॉय यांच्या मुलाखतींवर अहवाल लिहिला. गुण बरे मिळाले. पण अहवालाचं नाव होतं ऊसतोड स्त्रियांचं जीवन, आणि कोयता हातात धरणाऱ्या एकाही बाईशी मी बोलले नव्हते. ते मला आजही सलतं.

म्हणून तयारीच्या यादीतली पहिली गोष्ट म्हणजे एक मोठा कागद घेऊन त्यावर बारा महिने लिहायचे आणि आपल्या भागात कोणत्या महिन्यात कोण कुठं असतं ते भरायचं. ऊसतोड साधारण नोव्हेंबर ते मार्च, फार तर एप्रिल. बीडकडच्या टोळ्या येतात, आपल्याच जतमधूनही माणसं जातात. द्राक्षाच्या छाटण्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास, काढणी जानेवारीपासून पुढं. तेव्हा तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात पहाटे टेम्पोतून जाणाऱ्या बायकांच्या टोळ्या दिसतात. नव्या हळदीची आवक फेब्रुवारीपासून वाढते, मग मार्केट यार्डात हमालांना बोलायला उसंत नसते. त्यांच्याशी बोलायचं तर पावसाळ्यात. आटपाडी-जतकडचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या व्यवसायासाठी देशभर पसरलेले आपले लोक, दिवाळीला, गावच्या जत्रेला नाहीतर मे महिन्यातल्या लग्नांना घरी असतात. इतर वेळी त्या गावांत मोठमोठे बंगले कुलूपबंद दिसतात. अशाच एका घरात आजी एकट्या राहत होत्या. भिंतीवर तमिळ अक्षरांचं कॅलेंडर लटकलेलं होतं. आजींना ती अक्षरं वाचता येत नव्हती. पोरगा दर वर्षी पाठवतो म्हणून टांगायचं, आणि त्यावर दूधवाल्याच्या रतिबाच्या खुणा करायच्या. स्थलांतरावरचा आख्खा पेपर त्या भिंतीवर होता.

हा कागद तयार झाला की त्याच्या शेजारी कॉलेजची सेमिस्टर मांडा. पहिलं सत्र दिवाळीपर्यंत, दुसरं उन्हाळ्यापर्यंत. ऊसतोडीवर काम करायचं तर प्रश्नावली दिवाळीच्या सुट्टीत तयार असली पाहिजे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तळावर जाता येतं. गलाईवाल्यांवर करायचं तर विषय ऑगस्टमध्येच पक्का हवा, कारण दिवाळीचे आठ-दहा दिवस हीच संधी. नदीकाठच्या वस्त्यांवर करायचं असेल तर जुलै-ऑगस्ट सोडा. पाणी चढत असताना सामान हलवणाऱ्या माणसापुढं वही उघडून बसणं बरं नव्हे.

आता क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांचा हिशोब. नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर १६० ते १७६. एका सेमिस्टरला २० ते २२. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरतात, प्रात्यक्षिकाला ३०. हे तास मोजून घ्या, कारण क्षेत्रप्रकल्पाची दोन क्रेडिटं म्हणजे ६० तास, आणि ६० तास शेवटच्या दहा दिवसांत कोणालाही बसवता येत नाहीत. मेजर, म्हणजे मुख्य विषय, काही ठिकाणी पहिल्या दिवशी ठरतं, काही ठिकाणी पहिलं वर्ष झाल्यावर. प्रकल्प, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण) आणि समाजसहभाग कोणत्या सेमिस्टरला आहेत हेही सगळीकडं सारखं नसतं. म्हणून आपल्या कॉलेजचा सहाही सेमिस्टरचा आराखडा पहिल्या आठवड्यातच मागून घ्या आणि तो बारा महिन्यांच्या कागदाशेजारी चिकटवा.

मायनरबद्दल, म्हणजे जोडविषयाबद्दल, फार गुंतून पडू नका. मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नका, एवढंच. पाणी, ऊस, शेतीत रस असेल तर अर्थशास्त्र किंवा भूगोल. चळवळींत रस असेल तर इतिहास. १९४२ नंतरचं पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार, ज्या मातीत उभं राहिलं तिथल्या मुलांनी इतिहास घेतला की वर्गातली चर्चा कुठच्या कुठं जाते हे मी पाहिलंय. कौशल्याच्या पेपरात मात्र संगणकावर तक्ते करण्याचा पर्याय असेल तर तोच घ्या. चाळीस घरांची माहिती हातानं मोजत बसलात की तिसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी त्यातच जातो.

त्यानंतर वही. दोनशे पानी, एकच, आणि तीन वर्षं तीच. डाव्या पानावर वर्गात शिकलेली संकल्पना, उजव्या पानावर आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. उजवं पान रिकामं राहिलं तर ती संकल्पना अजून कळलेली नाही असं समजा. उदाहरण देते. डावीकडं लिहिलंय सामाजिक स्तरीकरण. उजवीकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी. सांगलीत पावसाळ्यात जो तो विचारतो, "पाणी किती फुटावर?" इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पण सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागातल्या माणसाला ४० पर्यंत थांबायची सोय नसते, त्याच्या दारात पाणी तेवढं चढायच्या आधीच येतं. आकडा शहराला एकच, पण त्याचा अर्थ कोण कुठं राहतं यावर ठरतो, आणि कोण कुठं राहतं ते ऐपतीवर आणि बऱ्याचदा जातीवर. किंवा डावीकडं लिंगभाव आणि श्रम, उजवीकडं कोयता हा एकच शब्द. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेताना मुकादमाशी बोलतो पुरुष, बाई त्या हिशोबात अर्धा कोयता म्हणून धरलेली असते. मुकादमानं उचल कोणाच्या हातात दिली, एवढा एक प्रश्न मी त्या वर्षी एखाद्या बाईला विचारला असता तर माझा अहवाल वेगळा झाला असता.

विचारवंतांच्या पेपरला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, कारण नावं परकी आणि नोट्स पाठ करायच्या असतात. त्याला माझा उपाय असा की प्रत्येक विचारवंताला एक स्थानिक प्रश्न जोडायचा. दुर्खीमनं १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अगदी खासगी वाटणाऱ्या कृतीमागं समाज कसा असतो ते दाखवलं. आपण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचतो तेव्हा एका माणसाचं कर्ज बघतो की त्याच्याभोवतीचा तुटलेला आधार बघतो? एम. एन. श्रीनिवास यांची प्रभावी जात, म्हणजे संख्या, जमीन आणि सत्ता यांत गावात वरचढ असलेली जात, ही संकल्पना म्हैसूरजवळच्या एका खेड्यातून आली. आपल्या गावात सोसायटी, दूध संघ आणि ग्रामपंचायतीत कोणती आडनावं पुन्हा पुन्हा येतात ते गेल्या तीन निवडणुकांपुरतं लिहून काढा. इरावती कर्वे यांचं नातेसंबंधांवरचं काम वाचताना घरातल्या आजीला विचारा की मामाच्या मुलीशी लग्न आपल्यात किती झाली आणि आता का होत नाहीत. आणि डॉ. आंबेडकरांचा जातीच्या उगमावरचा निबंध, ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेला, तो पहिल्याच वर्षी वाचा, तिसऱ्या वर्षासाठी ठेवू नका. तो लिहिणारा विद्यार्थी ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाला होता. आपल्या भागातल्या मुलांना हे माहीत नसतं याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

संदर्भ शोधताना एक अडचण नक्की येणार, ती आधीच सांगते. सांगली जिल्ह्याची जुनी माहिती सांगली नावानं सापडत नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं तासगाव, वाळवा, खानापूरचं जुनं वर्णन सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात बघायचं. सांगली, मिरज, जत ही तर संस्थानं होती, त्यांचे कागद आणखी वेगळे. जनगणनेचे हाताशी असलेले गावनिहाय आकडे २०११ चे आहेत, आणि पुढची गणना २०२७ ची, जातींची नोंद घेणारी. तोवर २०११ चा आकडा वापरताना साल लिहायला विसरू नका. परीक्षक तिथंच बोट ठेवतात. संकल्पनांसाठी मराठी विश्वकोश उघडा. तो वाईत घडला आणि आता फुकट वाचता येतो, तरी मुलं बाजारातल्या गाईडवर दोनशे रुपये घालवतात. गाईडमधली व्याख्या आणि विश्वकोशातली नोंद एकदा शेजारी ठेवून वाचली की फरक आपोआप कळतो.

आता माणसांत जायची तयारी, आणि इथं मी जरा थांबणार आहे. गावात गेलात की पहिला प्रश्न तुम्ही विचारत नाही, तुम्हाला विचारला जातो. "कुणाची गं तू? गाव कंचं? मामा कुठलं?" याला टाळू नका, घाई करू नका. समोरचे आबा तुम्हाला नात्यांच्या जाळ्यात कुठं बसवायचं ते ठरवत असतात, आणि त्यावर पुढची सगळी उत्तरं ठरतात. तो प्रसंगच वहीच्या उजव्या पानावर लिहा. जात विचारायची असेल तर आडनावावरून धरून चालू नका, आणि पहिल्या दहा प्रश्नांत विचारू नका. आधी शेत, पाणी, पोरांचं शिक्षण, मग सोयरीक कुठं जमते हे विचारलं की माणसं स्वतःहून सांगतात. ज्यांना सांगायचं नाही त्यांचं न सांगणं नोंदवा आणि पुढं चला. कोणाचंही खरं नाव अहवालात घालू नका. गाव लहान असेल तर "अंगणवाडीतली एक विधवा सेविका" एवढंसुद्धा ओळख पटायला पुरतं, तेव्हा तेही बदला. फोटो विचारून, आणि लहान मुलांचा नकोच. बायकांशी बोलायचं तर दुपारी दोननंतर जा, भांडीकुंडी आवरून त्या जरा टेकलेल्या असतात. सासू शेजारी बसली असेल तर सुनेकडून खरं उत्तर येणार नाही, मग दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर किंवा बचतगटाच्या बैठकीला गाठा. चहा दिला तर घ्या. काही घरांत तुम्ही चहा घेता का याकडं लक्ष असतं, आणि ते का असतं हे वेगळं सांगायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिटं जमा होतात ते ऑनलाइन खातं पहिल्याच महिन्यात काढा आणि आधारवरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का बघा. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेवर ठेवू नका. एसटीचा पास घ्या. गावी जाताना कॉलेजच्या लेटरहेडवरचं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र बरोबर असू द्या, ग्रामसेवक आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी ते मागतात. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि दोन पेनं. मोबाईलवर आवाज मुद्रित केला तरी हातानं लिहायचं थांबवू नका, बोलताना माणूस कुठं गप्प झाला ते मुद्रणात सापडत नाही. आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी सगळं नीट उतरवून काढा, कितीही उशीर झाला तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं निम्मं आपण मनानं रचलेलं असतं.