एनिग्माला मेल टाकण्याआधी

मानसोपचार विभागांत स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी अशा रुग्णांचे एमआरआय वर्षानुवर्षं साठत जातात. पीजीचा थीसिस जमा झाला की त्या स्कॅनकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तुमच्याकडे असा साठा असेल तर एनिग्माचा विचार करायला हरकत नाही. पॉल थॉम्पसन यांच्या पुढाकारातून 2009 मध्ये सुरू झालेलं मेंदू-संशोधनाचं हे जाळं आज 40 हून अधिक देशांत पसरलं आहे आणि आजारानुसार त्याचे वेगवेगळे वर्किंग ग्रुप आहेत. बहुतेक अभ्यासांत स्कॅन पाठवावेच लागत नाहीत. ठरलेल्या एकाच पद्धतीने आपापल्या संगणकावर स्कॅनमधल्या मेंदूचं मोजमाप करायचं आणि फक्त आकडे द्यायचे. स्किझोफ्रेनिया गटाच्या 2016 च्या अभ्यासात 2028 रुग्ण आणि 2540 निरोगी व्यक्ती जमल्या, त्या अशाच 15 केंद्रांच्या बेरजेतून. मात्र यातून अनुदान मिळेल अशी आशा ठेवू नका. पदरचे कष्ट घालावे लागतात.

पहिलं काम कपाटातलं. जुनी संमतीपत्रं काढा आणि मराठी प्रत नीट वाचा, कारण रुग्णाने सही त्या प्रतीवर केलेली असते. ‘ही माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल’ असं वाक्य त्यात असेल तर गाडी तिथेच अडते. मग एथिक्स कमिटीकडे जाऊन पुढचा मार्ग विचारायचा. इंग्रजी प्रतीत ‘इतर संशोधकांना देता येईल’ आणि मराठीत त्याचा पत्ताच नाही, असंही सापडेल. कमिटीला पत्र देताना परदेशी सहकार्याचा स्पष्ट उल्लेख करा. अशा सहकार्यासाठी आयसीएमआरमार्फत एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची) मंजुरी हा वेगळा टप्पा असतो. ‘आपण नुसते आकडेच पाठवतोय’ म्हणून तो लागणार नाही असं परस्पर ठरवू नका, उत्तर लेखी घ्या. याला वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी.

मग स्कॅन. निदानासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये बहुधा पाच मिलिमीटर जाडीचे काप असतात. रिपोर्टला ते पुरतात, इथे निरुपयोगी. साधारण एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा स्कॅन) हवा, तोही कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देण्याआधीचा. मशीनच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला की तीन, कंपनी कोणती, मध्येच सॉफ्टवेअर अपग्रेड झालं का, हे टेक्निशियनला विचारून तारखेसकट लिहून ठेवा. त्याच मशीनवर काढलेले निरोगी व्यक्तींचे स्कॅनही लागतात. कंट्रोल नसलेला साठा रुग्ण-निरोगी तुलनेत जवळपास बाद होतो, आणि आपल्याकडे घोडं इथेच अडतं.

मशीनमधून स्कॅन डायकॉम फाइलमध्ये येतो, तिच्या हेडरमध्ये रुग्णाचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर सगळं असतं. निफ्टी या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या फाइल-प्रकारात रूपांतर करताना ते गाळा, पण फोल्डरला ‘पाटील_एमआरआय_नवीन’ असं नाव दिलेलं असेल तर गाळूनही उपयोग शून्य. कोड द्या, आणि कोड-नावाची यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा.

मोजमाप फ्रीसर्फरने होतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण एका मेंदूला कित्येक तास घेतं. त्यामुळे शंभर स्कॅन असतील तर लिनक्सचं दणकट मशीन आणि ते सांभाळणारा माणूस आधी शोधा. त्यातून मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात कॉर्टेक्सच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, 34 भागांची जाडी आणि क्षेत्रफळ मिळतं, शिवाय हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला वगैरे आतल्या भागांचं आकारमान. एनिग्माच्या स्क्रिप्ट जाहीर आहेत. त्या चालवल्या की तपासणीसाठी चित्रं तयार होतात. ती एकेक करून डोळ्यांनी पाहायची. रुग्ण हलला असेल तर कॉर्टेक्सची सीमा भलतीकडेच गेलेली दिसते. हे काम रेसिडेंटवर ढकलून मोकळं होऊ नका. निदान पहिली वीस-तीस चित्रं त्याच्यासोबत बसून पाहा, म्हणजे चालणारं आणि टाकून देण्याजोगं यांची रेघ एकच राहील.

स्कॅनइतकीच केस पेपरवरची माहिती मोलाची. वय, लिंग, डावरा की उजवा, आजार कधी सुरू झाला, पॅन्सचा (स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजणाऱ्या मापनश्रेणीचा) स्कोअर, स्कॅनच्या दिवशी चालू असलेली औषधं आणि डोस. अँटिसायकोटिकचा डोस क्लोरप्रोमाझिन या जुन्या अँटिसायकोटिकच्या तुलनेत मांडायची पद्धत आहे, म्हणून औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही हवेत. नुसतं ‘औषध चालू’ लिहिलेल्या रकान्यातून काही हाती लागत नाही.

मेल शेवटी, आणि छोटा. योग्य वर्किंग ग्रुपच्या प्रमुखांना लिहा: आजार कोणता, रुग्ण किती, कंट्रोल किती, मशीन कोणतं, मंजुऱ्या कुठवर आल्या, विश्लेषण कोण करणार. विभागाचा इतिहास आणि बायोडेटा जोडायची गरज नाही. पुढे एमओयू (सामंजस्य करार) येतो. तो सरांच्या टेबलवर सहीला ठेवण्याआधी स्वतः वाचा. प्रत्येक नव्या प्रस्तावात सामील व्हायचं की नाही हे तुम्हीच ठरवता, डेटा तुमच्याच ताब्यात राहतो. लेखकांच्या यादीत आपल्या केंद्रातून किती नावं जातील हेही तेव्हाच विचारून घ्या. स्कॅन करणारी रेसिडेंट तोवर दुसऱ्या गावी नोकरीला गेलेली असते, तिचा चालू ईमेल फाइलमध्ये लिहून ठेवा.