उद्योजक संघटना चालवताना या चुका टाळा

पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, महागलेलं असतं, विजेचं बिल वाढलेलं असतं आणि गिऱ्हाईक दर वाढवून द्यायला तयार नसतं. अशा महिन्यात कार्यकारिणीची बैठक बसली की कोणीतरी हमखास म्हणतं, "आता सगळ्यांनी मिळून एकच दर लावू. त्याच्या खाली कोणीही काम घ्यायचं नाही." सगळे माना डोलावतात. पहिल्या वर्षी मीही डोलावली होती. कोल्हापूर पट्ट्यातल्या एका एमआयडीसीत माझं मशीनशॉप आहे आणि तिथल्या उत्पादकांच्या संघटनेत सचिव, खजिनदार अशी कामं मी बरीच वर्षं केली. त्या वर्षांत आमच्या आणि शेजारच्या वसाहतींत ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या, त्या इथे मांडतो आहे. नव्याने पदावर आलेल्यांना त्यांचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

बैठकीत दर ठरवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून विक्रीचा दर ठरवणं, उत्पादन आवरून धरणं किंवा गिऱ्हाइकं वाटून घेणं बेकायदा आहे. त्यासाठी कागदावर सह्या लागतात असंही नाही. तोंडी ठरलं तरी तो करारच धरला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा "सोमवारपासून नवा दर, सर्वांनी पाळावा" हा निरोप तर लेखी पुरावाच होतो. दंड थोडाथोडका नाही. कार्टेल, म्हणजे अशी संगनमताची टोळी, सिद्ध झालं तर ते जितकी वर्षं चाललं, त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांतली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत दंड लागू शकतो. शिवाय जबाबदार व्यक्तींनाही वेगळं उत्तर द्यावं लागतं.

हे फक्त मोठ्यांचं प्रकरण आहे, असं आपल्याला वाटतं. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटींहून जास्त दंड ठोठावला, तेव्हा त्यांच्या उत्पादक संघटनेलाही सोडलं नाही. संघटनेच्या व्यासपीठावरून दरांची आणि उत्पादनाची माहिती फिरत होती, हा आक्षेपाचा मोठा भाग होता. पुढे अपिलं होत राहिली, पण आपण घ्यायचा तो बोध स्पष्ट आहे. वीस गाळ्यांच्या संघटनेने जॉबवर्कचा ताशी दर ठरवला तरी कलम तेच लागतं.

मग सभासद तोट्यात काम घेत असेल तर गप्प बसायचं का? मुळीच नाही. आमचा अनुभव असा की कमी दराने काम घेणाऱ्या बहुतेकांना आपला ताशी खर्चच ठाऊक नसतो. व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनचा हप्ता, टूलिंग, रिजेक्शन, मशीन बंद राहिलेले तास हे काही न धरता केवळ पगार आणि वीज मोजून दर दिला जातो. म्हणून संघटनेने कॉस्टिंगची कार्यशाळा घ्यावी आणि रिकामा तक्ता द्यावा. आकडे ज्याने त्याने आपल्या गाळ्यात बसून भरावेत, दुसऱ्याला दाखवू नयेत. कच्च्या मालाचे जाहीर बाजारभाव संकलित करून सभासदांना पाठवायलाही हरकत नाही. विक्रीचा दर मात्र विषयपत्रिकेवर येता कामा नये. कोणी तो काढलाच, तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावं आणि थांबवल्याची नोंद इतिवृत्तात करावी. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा काहींना राग आला. पण पुढच्या वर्षी त्याच मंडळींतल्या दोघांनी तोट्याची कामं स्वतःहून परत केली.

थकलेल्या पैशांसाठी उशिरा जागे होणे

सभासद संघटनेकडे येतो तेव्हा बिलाला आठ-दहा महिने झालेले असतात. हातात असते ती फोनवरच्या आश्वासनांची यादी. खरं तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला चांगलं हत्यार दिलं आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे मागायची, आणि निकालाला खरेदीदाराने आव्हान द्यायचं म्हटलं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

एवढं असून प्रकरणं अडतात ती तीन साध्या गोष्टींवर.

पहिली म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. माल देऊन झाल्यावर, पैसे थकल्यावर नोंदणी केली तर मागच्या पुरवठ्यासाठी संरक्षण मागणं कठीण जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याविषयी स्पष्ट भूमिका घेतली. म्हणून नवा सभासद करून घेतानाच उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि तो क्रमांक त्याच्या बिलावर छापला आहे का हे डोळ्यांनी पाहा.

दुसरी, पोच. चलनावर गेटचा शिक्का, तारीख आणि सही नसेल तर माल कधी मिळाला हेच सिद्ध होत नाही. खरेदीदाराला मालाबद्दल तक्रार असेल तर ती त्याने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची असते. आठ महिन्यांनी "तुमचा माल खराब होता" असं सांगणाऱ्यासमोर ही तारीखच आपल्या कामी येते.

तिसरी गोष्ट कागदाची नाही, भीतीची आहे. तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती खोटी नाही, आणि ती धरणाऱ्याला भित्रा म्हणू नये. एकाच मोठ्या कंपनीवर ज्याचं ऐंशी टक्के काम आहे, त्याने काय करावं? इथे संघटना पुढे उभी राहू शकते. कोणाचंही नाव न घेता, त्या परिसरातल्या सगळ्या मोठ्या खरेदीदारांना दर मार्चच्या आधी एक पत्र पाठवायचं: आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ब(एच)) सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तेव्हापासून कंपन्यांचे लेखाविभाग स्वतःहून फोन करून "तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा" म्हणू लागले. त्याशिवाय २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. तिथे बिल मंजूर झालं की बँक पैसे देते आणि खरेदीदाराशी भांडण करावं लागत नाही. सभासदांना या मंचावर बसवून देणं हे वर्धापनदिनाच्या स्नेहभोजनापेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे.

एक सावधगिरी. मध्यम उद्योगाला आणि नुसत्या व्यापाऱ्याला हे ४५ दिवसांचं संरक्षण मिळत नाही. सभासदाला खोटी आशा लावण्याआधी तो कोणत्या वर्गात बसतो ते बघा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: लघु उद्योगासाठी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. त्यामुळे काल मध्यम असलेले काही जण आज लघु झालेले असतील.

चेंज रिपोर्ट "नंतर बघू"

निवडणूक होते, हारतुरे होतात, नवी कार्यकारिणी कामाला लागते आणि धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अर्ज, भरायचा राहून जातो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. दोन-तीन कार्यकारिण्यांचे रिपोर्ट तुंबले की पीटीआरच्या, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहतात, आणि त्यांतले काही जण तोवर हयातही नसतात. बँक सह्या बदलून देत नाही, क्लस्टरसाठी, म्हणजे अनेक उद्योगांच्या सामायिक सुविधेसाठी, अनुदानाचा प्रस्ताव अडतो. पुढे गट पडले तर प्रत्येक गट "खरी कार्यकारिणी आमचीच" म्हणतो, आणि ते खोडून काढायला कागद नसतो. भांडण माणसांचं असतं, पण ते वर्षानुवर्षं चालतं ते या तुंबलेल्या कागदांमुळे. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीच सभेची नोटीस, हजेरी, इतिवृत्त आणि कार्यकारिणीच्या नव्या सदस्यांच्या संमतीपत्रांची फाइल वकिलाकडे द्या.

एकाच निवेदनात सतरा मागण्या

रस्ते, पाणी, दिवे, वीज, अग्निशमन, कर हे सगळं एका पत्रात लिहून मंत्र्यांच्या हातात देतानाचा फोटो येतो, आणि पत्र तिथेच संपतं. ज्या विभागाचा प्रश्न त्या विभागाला, एका पत्रात एकच मागणी, आणि सोबत नोंदी. वीज जाते अशी तक्रार आम्ही बरीच वर्षं केली. एकदा मात्र एकाच फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, सभासदांना साध्या वह्या दिल्या: वीज कधी गेली, कधी आली, भट्टीत किती धातू अडकला. तीन महिन्यांच्या त्या वह्या घेऊन गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रथमच फीडरचा नकाशा टेबलावर उलगडला. वीज नियामक आयोगाच्या दरसुनावणीतही "दर कमी करा" एवढ्याने भागत नाही, हरकत आकड्यांसह लेखी द्यावी लागते.

गावाला विचारल्याशिवाय गावासाठी काम

वसाहतीचा धूर, सांडपाणी, वापरलेली मोल्डिंगची वाळू आणि ट्रकांची रांग शेजारची गावंच सोसतात. तिथे वर्षातून एकदा वह्या वाटून नातं जमत नाही. आधी ग्रामपंचायतीत जाऊन बसा आणि त्यांना काय हवंय ते ऐका. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: पोरांना काम. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसांच्या गाळ्यालाही ते ऐच्छिक आहे. पोर्टलवरची नोंदणी आणि करार छोट्या मालकाला जमत नाहीत. ते काम संघटनेच्या कार्यालयाने केलं तर आयटीआयची मुलं घराजवळ कामाला लागतात.

मोठ्या कंपन्यांचा सीएसआर निधी (समाजकामासाठीचा पैसा) संघटनेमार्फत गावात आणायचा असेल तर आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ अर्ज आधी तयार ठेवा. निधी देणारा तयार झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, वर्ष निघून जातं.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढून शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी मदत करायला सगळेच धावतात, पण कोणाकडे काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. दहा जण बिस्किटांचे पुडे आणतात, आणि पाणी उपसायला डिझेल पंप मिळत नाही. आम्ही आता दर मे महिन्यात यादी नव्याने करतो: कोणाच्या गाळ्यात चालू जनरेटर आहे आणि किती केव्हीएचा, क्रेन आणि फोर्कलिफ्ट कोणाकडे, पाण्याचा टँकर कोणाचा, वेल्डिंग सेट घेऊन रात्री येऊ शकणारा माणूस कोण, कोणत्या शेडमध्ये माणसं झोपू शकतील आणि तिथे संडास किती. प्रत्येक नावापुढे दोन फोन नंबर. एक प्रत तहसील कार्यालयात, एकेक शेजारच्या तिन्ही ग्रामपंचायतींत आणि एक वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीला लावलेली.