लॉगलाइनवर अभिप्राय देता-घेताना या चुका टाळा

लॉगलाइन म्हणजे पटकथेचा गाभा सांगणारी एक किंवा फार तर दोन वाक्ये. गोष्ट कोणाची आहे, त्याच्यापुढे काय उभे ठाकले आहे, त्याला काय साधायचे आहे आणि ते न साधल्यास काय गमवावे लागेल, हे साधारण २५ ते ३५ शब्दांत कळावे, इतकीच तिच्याकडून अपेक्षा असते. गेली अनेक वर्षे आम्ही सात-आठ जण दर रविवारी एकत्र बसून एकमेकांच्या लॉगलाइन वाचतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, लॉगलाइन लिहिताना जितक्या चुका होतात त्याहून अधिक चुका तिच्यावर बोलताना होतात, आणि त्याच त्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता त्या लिहून काढणेच बरे.

सर्वांत घातक चूक म्हणजे दुखणे काय आहे ते न सांगता थेट औषध देणे. साताऱ्याच्या दुष्काळी भागातून आलेल्या एका तरुणाने आमच्या बैठकीत वहीच्या कागदावर लिहून आणलेली लॉगलाइन अशी होती : ‘दुष्काळी गावाला टँकरने पाणी पुरवणाऱ्या चालकाला आपण भरतो त्या विहिरीचे पाणी दूषित असल्याचे कळते, तेव्हा त्याच्यातील माणुसकीची कसोटी लागते.’ वाचून झाल्यावर आम्हा सर्वांना एकच गोष्ट खटकली होती, ती म्हणजे चालकाने गावाला हे सांगून टाकण्यात अडचण काय आहे हेच कळत नव्हते. पण तसे कोणीही म्हणाले नाही. एकाने चालकाच्या जागी स्त्री दाखवायला सांगितले, दुसऱ्याने टँकरचा मालक म्हणून सरपंच आणला आणि मी स्वतः प्रकरणाचा छडा लावणारी एक पत्रकार सुचवली. त्या तरुणाने प्रत्येकाचे म्हणणे आदराने लिहून घेतले. पुढच्या रविवारी त्याची लॉगलाइन ५८ शब्दांची झाली होती. तीत स्त्री चालक, सरपंच आणि पत्रकार असे सगळे होते. विहीर मात्र शेवटच्या ओळीत ढकलली गेली होती. ‘सर, आता बरोबर झाली का?’ असे त्याने विचारले, तेव्हा ही गोष्ट कोणाची आहे हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. त्यानंतर तीन महिने तो आलाच नाही.

पुढे तो भेटला तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, ‘अरे, तो चालक गावाला सांगून का टाकत नाही?’ तो लगेच म्हणाला, ‘सांगितलं तर टँकर बंद होणार, सर. दुसरं पाणी आणायचं कुठून? आणि त्याची मुलगी बाळंतपणाला त्याच गावात आलीय.’ त्याची लॉगलाइन याच उत्तरात होती. आम्ही सुचवलेल्या तीन पात्रांऐवजी हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर त्या मुलाचे तीन महिने वाया गेले नसते.

तेव्हापासून मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. लॉगलाइन एकदा वाचायची, कागद पालथा घालायचा आणि आपल्याला समजलेली गोष्ट लेखकाला आपल्या शब्दांत सांगायची. त्यात जे निसटते किंवा भलतेच होते, तोच माझा अभिप्राय असतो. त्यानंतर एक प्रश्न विचारायचा, आणि पर्यायी कथानक लेखकाने मागितल्याखेरीज सुचवायचे नाही.

घेणाऱ्याची सर्वांत मोठी चूक नेमकी उलट टोकाची असते. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ‘नाही, म्हणजे त्याचं असं आहे की...’ म्हणून तो स्पष्टीकरण सुरू करतो. निर्मात्याच्या टेबलावर तुमचा कागद एकटाच जाणार आहे, तिथे तुम्ही शेजारी उभे राहून काही समजावू शकणार नाही. आमच्याकडे लेखक आपली लॉगलाइन स्वतः वाचत नाही. दुसरा कोणीतरी वाचतो आणि पहिली दहा मिनिटे लेखक फक्त लिहून घेतो. मग त्याला बोलू दिले, की स्पष्टीकरणाचे पहिले वाक्य मी शब्दशः टिपून त्याच्या हातात देतो, कारण कागदावर यायचे राहून गेलेले बहुधा त्याच वाक्यात सापडते.

‘माझी गोष्ट भावनेची आहे, ती एका वाक्यात मावत नाही’ ही सबब मला मान्य नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्याइतकी भावनेवर उभी असलेली मराठी पटकथा सहज आठवणार नाही. तरीही तिचा गाभा असा सांगता येतो : नातवाचा जीव वाचवणारी शस्त्रक्रिया त्याची दृष्टी कायमची हिरावून घेणार आहे हे कळल्यावर कोकणातल्या खेड्यातून आलेले आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला डोळे भरून जग दाखवण्यासाठी रुग्णालयातून कोणालाही न सांगता बाहेर घेऊन जातात. हे २९ शब्द आहेत. त्यांत ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द नाही आणि कोणाचे नावही नाही.

कल्पना चोरीला जाईल या भीतीने मुख्य पेचच लपवून अभिप्राय मागणारेही पुष्कळ भेटतात. ‘आणि मग असे काही घडते की सगळेच हादरतात’ यावर कोणी काय बोलावे? आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले आहे की, कल्पना, विषय किंवा कथानक यांवर प्रताधिकार (कॉपीराइट) नसतो. तो त्यांच्या मांडणीवर असतो. म्हणजे लॉगलाइन दडवून ठेवल्याने संरक्षण मिळत नाही. पटकथा पूर्ण लिहावी, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे तिची नोंदणी करावी आणि मग मोकळेपणाने वाचायला द्यावी.

नुसते ‘छान आहे’ म्हणणे हा अभिप्राय नव्हे. शब्दसंख्या आणि शुद्धलेखन यांवर सुरुवातीलाच बोलू नये, कारण गाभा बदलला की ती वाक्ये राहणारच नसतात. लॉगलाइनच्या जागी पोस्टरवरची टॅगलाइन, म्हणजे गोष्ट न सांगता नुसते कुतूहल चाळवणारे जाहिरातीचे वाक्य, आणली असेल, तर ती न वाचता परत करावी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून दहा लॉगलाइन काढून आणून ‘यांतली कोणती चालेल?’ असे विचारणाऱ्या अधीर नवोदितांना मी उत्तर देत नाही. स्वतःची गोष्ट ज्याला स्वतःला ठाऊक नाही, त्याला दुसरा काय सांगणार?

एकाच लॉगलाइनवर पंधरा जणांचे मत घेऊ नये, तिघे पुरेत. त्या तिघांना एकाच जागी अडखळायला झाले तर ती जागा बदलावी, आणि तिघे तीन जागी अडखळले तर आठवडाभर कागदाला हात लावू नये. प्रत्येक मसुद्यावर तारीख घालून तो जपून ठेवावा. टँकरचालकाचा तो वहीचा कागद त्या तरुणाने फाडून टाकला होता. माझ्या फायलीत त्याची प्रत होती म्हणून त्याला पुन्हा त्या विहिरीपासून सुरुवात करता आली.