काउंटरमार्कची चांदीची नाणी घेताय? या चुका टाळा

काउंटरमार्क म्हणजे आधीच्या नाण्यावर नंतर मारलेला ठसा. नवशिके हा वरचा ठसा वाचतात आणि खालचं नाणं बघतच नाहीत. खोटेपणा करायला ठसा हाच सगळ्यात सोपा भाग. मार्च १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने स्पॅनिश डॉलरवर राजा तिसऱ्या जॉर्जच्या चेहऱ्याचा छोटा लंबगोल ठसा मारून तो ४ शिलिंग ९ पेन्सला चलनात आणला. बनावटवाल्यांनी लगेच तसेच पंच केले आणि खऱ्या-खोट्या दोन्ही डॉलरवर ठोकले. ऑक्टोबरमध्ये बँकेला ती नाणी परत घ्यावी लागली. १८०४ मध्ये अष्टकोनी ठसा आणला, त्याचीही नक्कल झाली. शेवटी बर्मिंगहॅममधल्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत अख्खं नाणंच नव्याने छापून घ्यावं लागलं. दोनशे वर्षांपूर्वी बँक फसली, तिथे मोबाइलवरचा फोटो बघून पैसे पाठवणाऱ्याचं काय होणार?

म्हणून आधी मूळ नाणं. १७७२ नंतरचा स्पॅनिश आठ रियालचा डॉलर साधारण २७ ग्रॅमचा, कडेवर आलटून पालटून गोल आणि चौकोन. कड गुळगुळीत असेल किंवा मधून शिवण दिसत असेल, तर ठसा कितीही सुंदर असो, विषय संपला. मग साल जुळवा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या होली डॉलरसाठीचे (मध्ये भोक पाडलेला डॉलर) ४०,००० डॉलर नोव्हेंबर १८१२ मध्ये मद्रासहून सिडनीला पोचले. मूळ नाण्यावर त्यानंतरचं साल असेल, तर तो होली डॉलर नव्हेच. विल्यम हेन्शॉल या कारागिराने मधला गाभा काढून त्याचं १५ पेन्सचं ‘डम्प’ नावाचं छोटं नाणं केलं आणि उरलेलं कडं ५ शिलिंगला चाललं. कड्याचं वजन २१ ग्रॅमच्या आसपास भरतं. कड्यावरच्या नव्या अक्षरांखाली जुन्या डॉलरची नक्षी चेपलेली दिसायला हवी.

लहान काउंटरमार्क असेल तर नाणं उलटं करा. खरा पंच हातोड्याने बसतो, त्यामुळे बरोबर मागच्या जागी नक्षी थोडी चपटी होते. दहा पट भिंगातून तिरप्या उजेडात हा सपाट डाग दिसतो. ओतीव नकलेत बहुतेक वेळा पुढे ठसा असतो आणि मागे काहीच नसतं. विक्रेता फक्त ठशाच्या बाजूचा फोटो देत असेल तर मागची बाजू आणि कड मागा. टाळाटाळ केली की सोडून द्या.

दुसरी चूक सफाईची, आणि ही बघून खरंच जीव तुटतो. चिंच, राख, टूथपेस्ट, सिल्व्हर डिप यातलं काहीही नको. ठशाच्या खाचेत साचलेला काळा थर हाच जुनेपणाचा उत्तम पुरावा असतो आणि चकाकीच्या हौसेपायी तोच पहिल्यांदा जातो. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा आणि मऊ कापडाने नुसतं टिपा, घासू नका. टेपचा गोंद असेल तर काचेच्या वाटीत ॲसिटोन, खिडकी उघडी आणि विस्तव लांब.

सुट्ट्या पैशांसाठी कापलेला पाव डॉलर हलका भरला म्हणून खोटा ठरवू नका. वेस्ट इंडीजमध्ये एका डॉलरचे पाच ‘पाव’ करणारे महाभाग होते, त्यामुळे ६.७५ ऐवजी ५.४ ग्रॅमही येऊ शकतात. कापलेली कड मात्र झिजलेली आणि बाकी नाण्याच्याच रंगाची हवी. करवतीच्या समांतर चकचकीत रेघा दिसल्या की ठेवून द्या.

रुपयावरची प्रत्येक खूण सरकारी नसते. बहुतेक खुणा सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या, डॉलरवरच्या कित्येक चिनी व्यापाऱ्यांच्या. मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी रुपयावर मारलेला मुकुट आणि ‘पी.एम.’ हा मात्र सरकारी.

नुसत्या वजनावर समाधान मानू नका. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला टेकवू नका. २७ ग्रॅमच्या डॉलरला काटा २.६२ च्या आसपास दाखवतो, म्हणजे वजनाला या आकड्याने भागलं की १०.३. चांदी नसलेल्या जर्मन सिल्व्हरचा भागाकार ९ च्या खाली येतो. बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, दोरा हलवून ते आधी सोडवा.