हॅमर इन्स्टॉल करताय? फाइलला शिव्या देण्याआधी पाथ बघा

कॉन्फिगर, मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल. हॅमर म्हणजे प्रोटीन सीक्वेन्समध्ये ओळखीची कुटुंबं शोधणारा प्रोग्रॅमसंच. त्याचं सोर्समधून (मूळ कोडमधून) इन्स्टॉलेशन या चार कमांडपुरतंच आहे आणि बहुतेक वेळा ते निमूट पार पडतं. तेव्हा बायोलॉजीतून आलेल्यांनी काळ्या स्क्रीनला बिचकायचं कारण नाही. लॅबच्या सर्व्हरवर सुडो (ॲडमिनचे अधिकार) मिळत नाही, मिळायलाही नको. कॉन्फिगरला प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) म्हणून आपल्या होममधला एखादा फोल्डर द्या, म्हणजे ॲडमिनच्या मागे फिरावं लागत नाही. मेक चेक (बिल्डची चाचणी) मात्र टाळू नका. 'चालतंय की' म्हणून तो गाळणारे सीनियर मी पाहिलेत, आणि पुढे त्यांचे रिझल्ट तपासत बसलेले ज्युनियरही.

आवृत्ती ३.४ घ्या, ऑगस्ट २०२३ ची. ॲपलच्या एम१, एम२ चिपवर ती थेट बिल्ड होते. आधीच्या आवृत्त्या इंटेलछाप प्रोसेसर धरून चालायच्या, त्यामुळे जुनी ट्युटोरियल वाचून मॅकवर डोकं फोडू नका.

आता खरा खड्डा. विद्यापीठांच्या सर्व्हरवर कुणीतरी कधीकाळी हॅमर ३.० टाकून ठेवलेलं असतं. तुम्ही नवं टाकता, पीफॅमची, म्हणजे प्रोटीन कुटुंबांच्या डेटाबेसची, फाइल उतरवता, अनझिप करता, ती शोधासाठी तयार करणारं एचएमएमप्रेस चालवता. एच३एम, एच३आय, एच३एफ, एच३पी अशा चारही फाइली नीट तयार होतात. टर्मिनलवर एचएमएमस्कॅन (तुमचे सीक्वेन्स या डेटाबेसशी ताडणारा प्रोग्रॅम) झकास चालतं. मग तेच जॉबमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रांगेत लावलेल्या कामात, टाकता आणि एरर येते, फाइल फॉरमॅट चुकीचा म्हणून. साहजिकच वाटतं की डाउनलोड अर्धवट झालं. परत उतरवा, परत प्रेस करा, परत तीच एरर. आमच्याकडे यात अख्खा आठवडा गेला, आणि फाइल पहिल्यापासून धडधाकट होती.

पीफॅमच्या फाइलची पहिली ओळ हेड कमांडने बघा. हॅमर३, तिरपी रेघ आणि पुढे 'एफ' दिसेल. हा फॉरमॅट ३.१ पासूनचा. ३.० ची धाव 'बी'पर्यंतच, 'एफ' तिला वाचता येत नाही. म्हणजे जॉबमध्ये चाललेला प्रोग्रॅम तुमचा नव्हताच, यूएसआर-बिन या सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमधला म्हातारा होता.

जॉब त्याच्यापर्यंत कसा पोचला? तुम्ही पाथची (प्रोग्रॅम कुठे शोधायचा याची) ओळ बॅशआरसीच्या, म्हणजे बॅश या शेलच्या सेटिंग फाइलच्या, तळाशी लिहिली. उबुंटूच्या तयार बॅशआरसीत अगदी वर एक अट असते: शेल इंटरॲक्टिव्ह (माणूस समोर बसून टाइप करतोय असं) नसेल तर इथूनच परत फिर. जॉबचं शेल इंटरॲक्टिव्ह नसतं, म्हणून तळाची तुमची ओळ त्याने वाचलीच नाही. त्यात पीबीएस या जॉबच्या रांग-व्यवस्थेवर क्यूसब कमांडने जॉब टाकला की टर्मिनलमधला पाथ आपोआप सोबत जात नाही, मायनस कॅपिटल व्ही द्यावा लागतो. स्लर्म ही दुसरी रांग-व्यवस्था सहसा नेते, म्हणून 'माझ्याकडे तर चालतं' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. त्याचा क्लस्टर वेगळा आहे.

उपाय कंटाळवाणा आहे: जॉब स्क्रिप्टमध्ये एचएमएमस्कॅनचा पूर्ण पाथ लिहा. बस. आणि आउटपुटच्या सुरुवातीला हॅश चिन्हाच्या ओळींत आवृत्ती छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. गाइडला मेल करण्याआधी वाचा, नंतर नाही.

याचंच एक धाकटं भावंड आहे. जुना प्रोग्रॅम त्याच टर्मिनलमध्ये आधी चालवला असेल, तर बॅश त्याची जागा लक्षात ठेवतं. विच कमांड नवा पाथ दाखवते आणि चालतो मात्र जुनाच! टाइप मायनस ए दिलं की सगळ्या प्रती रांगेने दिसतात. हॅश मायनस आर दिलं की बॅशची आठवण पुसली जाते.

कोंडाचं (तयार सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाचं) विचाराल तर खुशाल वापरा, बायोकोंडा या त्याच्या बायोलॉजीच्या भांडारात हॅमर आहे. पण सीनियरदादाचं आख्खं एन्व्हायर्नमेंट कॉपी करून आणू नका. त्यात त्याच्या होमचे पाथ कोरलेले असतात, आणि दादा पास होऊन गेला की अकाउंटही जातं.

हजारो सीक्वेन्स असतील तर एचएमएमस्कॅनऐवजी एचएमएमसर्च (तेच काम उलट दिशेने करणारा) घ्या, बराच वेळ वाचतो. फक्त ई-व्हॅल्यू (असा निकाल योगायोगाने किती वेळा मिळेल तो अंदाज) डेटाबेसच्या आकारावर ठरते, म्हणून दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. घाबरू नका, त्या आकारावर न ठरणारा बिट स्कोअर बघा.

पुढे इंटरप्रोस्कॅन ५ कडे, म्हणजे अनेक प्रोटीन डेटाबेस एकदम तपासणाऱ्या साधनाकडे, वळाल. ते ६४ बिट लिनक्सवरच चालतं, डाउनलोड अवाढव्य आहे, तेव्हा एमडी५ (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवल्याशिवाय उघडू नका. सिग्नलपी आणि टीएमएचएमएम ही जोड-साधनं त्यात तयार मिळत नाहीत, लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. तो अर्ज आधीच भरून टाका. आणि प्रॉडिगल या जीन शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून आलेल्या प्रोटीनच्या शेवटी स्टॉप कोडॉनची चांदणी असते. तिच्यामुळे इंटरप्रोस्कॅन अख्खी फाइल नाकारतं. सेड कमांडने चांदण्या उडवा, पण मूळ फाइलची प्रत ठेवून.